काट्याची साक्ष : जुन्या मोटारगाडीतील उष्णतादर्शकाच्या दोषनिदानाचा इतिहास

यंत्रविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा एंजिनाचा इतिहास लिहितात. एंजिनाविषयी बातमी देणाऱ्या उपकरणांचा इतिहास त्यांच्या हातून तळटिपेत जातो. वस्तुतः चालकाचे एंजिनाशी जे काही दळणवळण असते ते बव्हंशी या उपकरणांच्या द्वारेच चालते, आणि ते बिघडले म्हणजे दोहोंपैकी एक अनर्थ ओढवतो : एकतर सुस्थितीतील एंजिन विनाकारण उघडले जाते, नाही तर तापलेले एंजिन थंड समजून हाकले जाते व निकामी होते. मोटारगाडीच्या डॅशबोर्डावर पाण्याचे उष्णतामान दाखविणारा काटा हा या उपकरणांपैकी आकाराने लहान, पण संशयाला सर्वांत अधिक पात्र. तो खरे सांगतो आहे की खोटे, हे ठरविण्याची रीत कशी घडत गेली याचा विचार मुंबई, पनवेल व बोरघाट या मार्गाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा मार्ग निवडण्यास कारण आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे खाडीवरील पहिला पूल १९७३ साली वाहतुकीस खुला झाला. तत्पूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेली मोटार ठाणे, कळवे, मुंब्रा, शीळ या वळशाने पनवेलीस येई. पूल झाल्यावर तीच वाट वाशी, नेरूळ, बेलापूर, कळंबोली अशी सरळ झाली. म्हणजे आज जिला नवी मुंबई म्हणतात ती वस्ती या मार्गाच्या काठाने उभी राहिली. वळसा गेला, परंतु एक गोष्ट पालटली नाही. पनवेल सोडले की सपाटी संपत येते, चौक व खोपोली मागे पडतात आणि घाट लागतो. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली गाडीरस्ता झालेला हा घाट बैलांसाठी आखला गेला होता. मोटारीच्या चालकास तो वारशाने मिळाला. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची कथा त्याच्याशी निगडित आहे, आणि तेथे नाणे वाहून पुढे जाण्याची चालकांची रीत जुनी आहे. श्रद्धेचा भाग सोडला तरी चढणीवर गाडी क्षणभर थांबविण्यास ते एक सोयीचे निमित्त होते, हेही खरे.

घाटात एंजिन का तापते हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगामुळे रेडिएटरवर वारा आपोआप येतो. चढणीवर गाडी दुसऱ्या गियरमध्ये रखडते, एंजिनावरचे ओझे वाढते, आणि वारा मात्र केवळ पंख्यापुरता उरतो. त्यात उंचीची भर पडते. समुद्रसपाटीस पाणी १००° सेंटिग्रेडला उकळते. सुमारे ६२० मीटर उंचीच्या लोणावळ्यास ते ९८° च्या आसपास उकळू लागते. दोन अंश म्हणजे काहीच नव्हे असे वाचकास वाटेल. पण ज्या गाडीचे पाणी चढणीवर ९६° पर्यंत पोचले आहे तिच्या दृष्टीने उरलेल्या अवकाशाचा तो अर्धा हिस्सा होय. पुढे रेडिएटरला दाबाचे झाकण आले तेव्हा हा अवकाश वाढला. दर चौरस इंचास ७ पौंड इतका जादा दाब धरून ठेवणारे झाकण असेल तर पाणी १११° च्या सुमारास उकळते. परंतु ते झाकण गरम असताना उघडणाऱ्याच्या अंगावर उकळत्या पाण्याचा फवारा येतो हेही त्याच दाबाचे फळ, आणि जुन्या चालकांच्या हातांवरील भाजल्याच्या खुणांचा उगम बहुधा तेथेच असे.

मोटारीच्या आरंभकाळात काटा नव्हताच. वाफ दिसली, रबराचा वास आला, एंजिन ठोके देऊ लागले की गाडी तापली असे समजत. फोर्डच्या १९०८ सालच्या ‘टी’ मॉडेलमध्ये, अगदी पहिल्या गाड्या वगळता, पाणी फिरविणारा पंपदेखील नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे व थंड पाणी खाली उतरे, एवढ्यावर सारे चाले. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस याच्या नावाचे ‘मोटोमीटर’ प्रचारात आले. ते म्हणजे रेडिएटरच्या झाकणावर उभा केलेला काचेचा तापमापक. चालक आपल्या आसनावरून काचेपलीकडे, एंजिनाच्या पार टोकाला असलेल्या त्या तांबड्या रेघेकडे पाही. त्याचे दोष उघड आहेत. रात्री ते दिसत नसे, आणि मोजी ते पाण्याची नव्हे तर पाण्यावरील वाफेची उष्णता. तथापि त्याच्या ठायी एक गुण होता, जो पुढे कोणत्याही काट्यात उरला नाही. मोजणारी वस्तू व दाखविणारी वस्तू त्यात एकच होती. काच फुटली किंवा आतील रेघ तुटली तर ते डोळ्यांना दिसे. खोटे बोलण्यास त्याला फारशी जागा नव्हती. १९३० च्या सुमारास रेडिएटरचे झाकण एंजिनाच्या पत्र्याखाली लपले आणि मोटोमीटरचे दिवस संपले.

त्याची जागा घेणाऱ्या नळीच्या काट्याचे मूळ मोटारीहून जुने आहे. पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ याने १८४९ साली वाफेचा दाब मोजण्यासाठी वाकविलेल्या चपट्या नळीचे पेटंट घेतले. आत दाब वाढला की अशी नळी सरळ होऊ पाहते व तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. या नळीच्या एका अंगास केसासारखी बारीक तांब्याची नलिका जोडली, तिच्या दुसऱ्या टोकाला ईथरसारख्या चटकन उडणाऱ्या द्रवाचा लहानसा गोळा लावला आणि तो एंजिनाच्या पाण्यात बुडविला, की उष्णतेचा दाब व दाबाचा काटा होतो. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून ज्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जोडल्या गेल्या त्या या जातीच्या काट्याच्या काळातल्या होत. त्यापूर्वी १९२८ पासून शिवडीस जनरल मोटर्सच्या कारखान्यात अमेरिकन गाड्यांची जुळणी चालू होती. मुंबई प्रांतातील पहिल्या पिढीच्या मिस्त्रींचे शिक्षण अशा अमेरिकन गाड्यांवर झाले.

नळीच्या काट्याचे निदान सोपे असते, उपचार मात्र कठीण. तो सर्वस्वी बंदिस्त असतो. नलिकेला कोठेही चीर पडली, ती कोठे घासली गेली, की ईथर उडून जाते आणि काटा थंडीच्या खुणेवर कायमचा निजतो. तो वीज वापरीत नाही. म्हणून किल्ली फिरविली अथवा काढली, बॅटरी असली किंवा नसली, त्याच्या वर्तनात फरक पडत नाही. गाडी नुकतीच तापवून बंद केली असता काटा वर राहिला तर तो जिवंत आहे असे समजावे. या एका कसोटीवर काम भागते. त्याच्या मोजपट्टीची एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. बाष्पाचा दाब उष्णतेबरोबर सारख्या प्रमाणात वाढत नाही, प्रथम मंद व नंतर झपाट्याने वाढतो. त्यामुळे अशा मोजपट्टीवर थंड बाजूचे अंश दाटीवाटीने आणि गरम बाजूचे अंश ऐसपैस बसलेले असतात. विजेच्या काट्याची सवय झालेला मनुष्य मधल्या खुणेचा अर्थ येथे हमखास चुकीचा लावतो.

विजेच्या काट्याचाही पूर्वेतिहास दूरचा आहे. धातू तापला की विजेस अधिक अडथळा करतो हा सामान्य अनुभव. पण मायकेल फॅरडेला १८३३ साली सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात नेमके उलटे दिसले. तो तापवावा तसा अडथळा कमी होत जातो. या नवलाचा बाजारी उपयोग होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. पुढे अशाच स्वभावाच्या पदार्थाची लहानशी गोळी पितळी टोपणात बसवून ती एंजिनाच्या पाण्यात सोडण्यात आली. गॅरेजात तिला आज ‘सेन्सर’ म्हणतात. डॅशबोर्डावरील काट्यातून निघालेली एकच वायर तिला येऊन मिळते, आणि परतीची वाट एंजिनाच्या धातूतून, म्हणजे ‘अर्थ’मधून असते. गोळी थंड असता अडथळा मोठा, बहुधा काही शे ओहम. उकळत्या पाण्याजवळ तो काही दहांवर येतो, प्रवाह वाढतो व काटा चढतो.

येथवरच्या इतिहासातून एक सूत्र निघते. मोटोमीटरपासून नळीकडे आणि नळीपासून वायरकडे जाताना जे सुधारले ते काट्याचे चालकाच्या डोळ्यांशी असलेले सान्निध्य. जे वाढले ते त्याचे पाण्यापासूनचे अंतर. मोटोमीटरच्या खोटेपणाला एक जागा होती. नळीच्या काट्यात अशा तीन जागा : गोळा, नलिका, काटा. विजेच्या काट्यात गोळी, तिच्या आट्यांचा एंजिनाशी असलेला स्पर्श, एंजिनाचा बॅटरीशी असलेला अर्थ, वायर, तिची टोके, फ्यूज, कित्येक गाड्यांत व्होल्टेज स्टॅबिलायझर, आणि शेवटी स्वतः काटा. दोषनिदान म्हणजे या लांबलेल्या वाटेने उलट चालत पाण्यापर्यंत जाणे होय. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या गावी, जेथे खारी हवा पितळी टोकांवर हिरवट थर चढविते व पावसाळा वायरच्या सांध्यांत शिरतो, तेथे ही वाट अधिकच काटेरी होते.

मराठीने या ठिकाणी एक उपकार केला आहे. ‘गाडी तापली’ आणि ‘काटा गरम दाखवतो’ ही दोन विधाने मराठी बोलणारा सहसा एक करीत नाही. पहिल्यात घटना आहे, दुसऱ्यात साक्ष. आणि ‘दाखवणे’ या क्रियापदात साक्षीदाराविषयीची किंचित शंका आधीच भरलेली आहे. ‘काटा’ हा शब्द तर तराजूवरून आलेला. ‘काटेकोर’ या विशेषणात त्या तराजूची आठवण अद्याप शाबूत आहे, म्हणून मोटारीच्या काट्याकडूनही लोक काटेकोरपणाची अपेक्षा करतात, जी त्याच्या घडणीत कधीच नव्हती. शास्त्रीय लेखनात उष्णतामान, तपमान, तापमान असे शब्द एकामागून एक आले. गॅरेजाने त्यांपैकी एकही न घेता ‘टेंपरेचर’ हाच शब्द ठेवला. मात्र क्रियापदे आपलीच ठेवली. ताप चढतो व उतरतो, घाट चढतो व उतरतो, काटाही चढतो व उतरतो. परभाषेतून नाम घ्यावे व क्रियापद घरचे वापरावे हा बोलीभाषेचा जुनाच प्रघात असून परिभाषा घडविणाऱ्यांनी त्याची दखल फार कमी घेतली आहे.

नावाविषयी आणखी एक गोष्ट. १९५३-५४ च्या सुमारास, देशात खरोखर उत्पादन करण्याची योजना नसलेल्या परदेशी जुळणी-कारखान्यांना सरकारी धोरणामुळे गाशा गुंडाळावा लागला व फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. त्याच सुमारास, १९५४ साली, कुर्ल्यास फियाट ११०० गाडी आली. ती १९६४ पासून ‘डिलाइट’, पुढे ‘प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली, पण मुंबईच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. तिचे एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. उष्णतेच्या प्रश्नात या एका तपशिलाचे महत्त्व फार आहे. ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. एंजिन एकदा बेसुमार तापले तर हेड वाकते, गॅस्केट जळते आणि पाणी व तेल एकमेकांत मिसळते. रोजच्या धंद्यावर घर चालविणाऱ्या टॅक्सीचालकाच्या दृष्टीने हे काही दिवसांच्या मजुरीचे व मोठ्या खर्चाचे नुकसान. काट्याच्या खऱ्याखोट्याचा प्रश्न त्याच्यासाठी कुतूहलाचा नव्हता.

आता प्रत्यक्ष निदान. काटा मुळीच उठत नाही अशी तक्रार असेल तर डॅशबोर्डामागून नळी निघते की वायर हे प्रथम पाहावे. वायर असेल तर ती सेन्सरवरून काढून, किल्ली चालू ठेवून, एंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावी. काटा वर गेला तर काटा व वायर निर्दोष असून दोष सेन्सरात किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. न गेला तर दोष वरच्या अंगाला आहे. याउलट किल्ली फिरविताच काटा टोकाला जात असेल तर वायर सेन्सरवरून सोडवावी. काटा उतरला तर सेन्सर आतून जोडला गेला आहे. न उतरला तर वायरच वाटेत कोठे तरी पत्र्याला चिकटली आहे. ही परीक्षा गॅरेजात सर्वांना ठाऊक असते. तिच्यातील खाचाखोचा मात्र सर्वांना ठाऊक नसतात, आणि चुकीची निदाने बहुतेक तेथेच जन्मतात.

पहिली खाच काट्याच्या जातीची. काही काट्यांत दोन धातूंच्या पट्टीभोवती तार गुंडाळलेली असते; प्रवाहाने ती तापते, पट्टी वाकते व काटा सावकाश, पाचदहा सेकंदांनी, चढतो. वेटोळ्यांचे काटे मात्र तत्काळ उडी घेतात. घाईच्या मिस्त्रीने वायर क्षणभर टेकवून उचलली आणि काटा हलला नाही म्हणून तो मेला असे ठरविले, तर पट्टीचा निरोगी काटा भंगारात जातो. उलट वायर फार वेळ धरून ठेवली तर तोच काटा जळण्याचा संभव असतो. दुसरी खाच भाषेची. फोर्डच्या १९५६ पूर्वीच्या कित्येक गाड्यांत सारी योजनाच उलटी आहे : किल्ली बंद असता काटा गरम खुणेवर विसावतो व वीज मिळताच थंडीकडे येतो. अशा गाडीवर वरील परीक्षा शब्दशः लागू करणे म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिलेली लिपी डावीकडून वाचणे.

तिसरी खाच अधिक उद्बोधक आहे. ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत १९६० नंतर पट्टीच्या काट्यांना सुमारे १० व्होल्ट इतका समान पुरवठा देणारा एक लहान स्टॅबिलायझर बसविलेला असतो. अमेरिकन पद्धतीत हा पुरवठा ५ व्होल्टचा. पेट्रोलचा काटा व पाण्याचा काटा या दोघांनाही तो एकच. त्याचा अर्थ सुटला तर तो पुरवठा तोडावयाचे विसरतो आणि दोन्ही काटे प्रमाणाबाहेर चढतात : टाकी खरी त्याहून भरलेली व पाणी खरे त्याहून तापलेले दिसते. विलीसच्या सीजे-५ जीपमध्ये तर ही योजना पेट्रोलच्या काट्याच्या पोटातच आहे, त्यामुळे पाण्याचा काटा बिघडला असे वाटून तो बदलणारा मनुष्य मूळ दोषाला हातच लावीत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून बखरींच्या एकवाक्यतेस पुरावा न मानता त्यांची मूळ कागदपत्रांशी ताडणी करण्याचा दंडक मराठी इतिहासलेखनात रुजला. एकाच उगमावरून उतरलेल्या दोन बखरी एकमेकींस दुजोरा देतात तेव्हा साक्षी दोन होत नाहीत. पेट्रोलचा काटा व पाण्याचा काटा यांचे एकमत हे याच प्रकारचे होय. दोघेही एका घरचे साक्षीदार आहेत. टाकी नुकतीच अर्धी भरली असता पेट्रोलचा काटा पूर्ण दाखवीत असेल, तर पाण्याच्या काट्याची साक्ष त्याच क्षणी बाद धरली पाहिजे. वेटोळ्यांच्या समतोलावर चालणाऱ्या काट्यांना अशा स्टॅबिलायझरची गरज नसते, आणि त्यांच्याविषयी हा तर्क चालत नाही.

या सर्व परीक्षा वायरच्या अंगाने होतात. ज्येष्ठ मिस्त्रींचा क्रम निराळा असतो, आणि तोच योग्य आहे असे म्हटले पाहिजे : आधी पाणी, मग काटा. रेडिएटरमधील पातळी एंजिन थंड असताना पाहणे, फॅन बेल्टचा ताण, एंजिन सुरू केल्यावर वरचा होज पाइप केव्हा तापतो, खालचा किती थंड राहतो हे हाताने अजमावणे, या गोष्टी काट्यावर अवलंबून नाहीत. त्या मूळ कागदपत्रांच्या दर्जाच्या आहेत. काटा गरम दाखवीत आहे, पण होज हात ठेवता येण्याइतका कोमट आहे, तर दोष बहुधा काट्याच्या वाटेत. काटा निवांत आहे, पण होज फुगून दगडासारखा झाला आहे, तर काट्याकडे पाहू नये, गाडी थांबवावी.

या दुसऱ्या प्रकाराचा विचार लेखांतून फारच थोडा आढळतो, आणि घातक तोच आहे. काट्याने खोटा ताप दाखविला तर फार तर एक फेरी वाया जाते. खोटी शीतलता दाखविली तर हेड जाते. ही खोटी शीतलता कशी उत्पन्न होते? सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याची उष्णता जाणतो. होज फुटून पाणी निघून गेले, किंवा पाणी बदलताना आत हवेचा बुडबुडा अडकला, तर सेन्सर कोरड्या पोकळीत राहतो. हवा व वाफ यांच्याकडून धातूइतकी वा पाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही, आणि एंजिन होरपळत असताना काटा उतरू लागतो. घाटात चढणीच्या मध्यावर काटा अकस्मात खाली आला तर नवशिका चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. जाणता चालक त्याच क्षणी गाडी कडेला घेतो. कारण चढण चालू असताना पाणी आपोआप निवण्याचे कोणतेही कारण नाही. काटा उतरला याचा अर्थ साक्षीदार जागेवर नाही, एवढाच.

खोट्या शीतलतेचा दुसरा उगम दुरुस्तीतूनच निघतो. सेन्सरच्या आट्यांतून पाणी पाझरू नये म्हणून नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेप गुंडाळली जाते. टेप पाण्यास अडविते, तशी विजेसही अडविते. सेन्सरचा अर्थ अर्धवट तुटतो, अडथळा वाढतो, आणि काटा नेहमीपेक्षा खाली बसतो. जुनी गाडी नव्याने सजविताना ब्लॉकला दिलेला जाड रंग व अर्थच्या पट्टीखाली राहिलेला रंगाचा थर हाच परिणाम करतात. गाडी जितकी देखणी होते तितका काटा अविश्वसनीय होतो असे म्हणण्याची पाळी कधीकधी येते. तिसरा उगम परक्या सेन्सरचा. मूळ सेन्सर मिळत नाही म्हणून आट्या जुळणारा दुसऱ्या गाडीचा बसविला जातो. तो पूर्णपणे चालतो, काटा चढतो व उतरतोही, परंतु प्रत्येक अंशाला चुकतो. वायर टेकविण्याच्या परीक्षेत हा दोष सापडत नाही, कारण तेथे प्रत्येक घटक स्वतंत्रपणे निर्दोष आहे. दोष त्यांच्या परस्परांशी न जुळण्यात आहे. त्याला एकच उपाय : सेन्सर काढून, तापमापक ठेवलेल्या पातेल्यात पाण्याबरोबर तापवावा, मल्टिमीटरने दर दहा अंशांस अडथळा मोजावा, आणि काट्याच्या मागणीशी तो पडताळावा.

क्वचित काटा खरा असूनही खोटा ठरविला जातो. आपल्याकडील उष्ण हवेत थर्मोस्टॅटची आवश्यकता नाही अशा समजुतीने तो काढून टाकण्याची पद्धत गॅरेजांत रूढ आहे. सुमारे ८२° ते ८८° ला उघडणारी ही झडप नसली की सपाट रस्त्यावर पाणी थंडच राहते, व काटा मध्यावर येत नाही. मालक म्हणतो, काटा बिघडला. काटा बिघडलेला नसतो. तो एंजिनाचे खरे व अनिष्ट वर्तमान सांगत असतो. अतिथंड चालणारे एंजिन पेट्रोल अधिक खाते व लवकर झिजते, हे वर्तमान ऐकण्याची इच्छा मात्र कोणास नसते.

अलीकडे मिस्त्रीच्या हाती इन्फ्रारेड तापमापक आला आहे. दुरून रोखला की आकडा दिसतो, म्हणून त्याचा शब्द अखेरचा मानण्याकडे कल आहे. पण चकचकीत धातू उष्णतेचे किरण फार कमी टाकतो, आणि घासून लखलखीत केलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर तो रोखला तर आकडा खऱ्याहून बराच कमी येतो. काळ्या रबरावर किंवा काळी टेप चिकटवून तेथे तो रोखावा. नव्या साक्षीदाराचीही उलटतपासणी चुकत नाही.

ही विद्या ज्या गाडीवर वाढली ती मुंबईच्या टॅक्सीतळावरून गेली आहे. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीस असलेल्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती त्या धंद्यातून बाद झाली. आजच्या बहुतेक गाड्यांत काटा सेन्सरशी थेट जोडलेला नसतो. मधला संगणक त्याला हुकूम देतो, आणि पाणी साधारण ७५° पासून १०५° पर्यंत कोठेही असो, काटा मध्यावर स्थिर ठेवला जातो, जेणेकरून मालकाचे चित्त विचलित होऊ नये. कित्येक गाड्यांत काटाच नाही, निळा व तांबडा असे दोन दिवे आहेत. हा काटा साक्ष देत नाही, निकाल वाचून दाखवितो. पत्राच्या जागी पुन्हा बखर आली आहे.

जुन्या काट्यांचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नियमाचे लक्ष सांगाडा, बांधा व एंजिन यांच्यावर आहे. डॅशबोर्डामागील अर्ध्या मिलिमीटरच्या नलिकेकडे कोण पाहणार? मूळ काटा शोभेसाठी ठेवून खाली नवा बसविणे ही सोपी तडजोड होय, आणि ती सर्रास होते. तथापि मेलेला नळीचा काटा पुन्हा जिवंत करता येतो. त्याच जातीचा स्वस्त नवा काटा आणावा. त्याचा गोळा बर्फ व मीठ यांच्या मिश्रणात बुडवून ठेवावा, म्हणजे आतील ईथर द्रवरूपात गोळ्यातच राहते. मग नलिका तोडून, जुन्या काट्याच्या नलिकेवर बारीक तांब्याची बाही चढवून दोन्ही टोके डाकाने जोडावी. ईथर ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम मोकळ्या हवेत व ज्योतीऐवजी तापविलेल्या खारणीने करावे. जोड निवाल्यानंतरच गोळा बर्फातून काढावा. शेवटी तो उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडून काटा कोणत्या खुणेवर थांबतो ते पाहावे : वाशीस ही परीक्षा घेतल्यास ती खूण १००° ची समजावी, लोणावळ्यास घेतल्यास ९८° ची.